सीबॅक फॉर्मवरचा शून्य

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका गटप्रवर्तक ताईंचा, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंचा आहे. सीबॅक म्हणजे आशा घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्यांचा भरतात तो आजारांच्या चाचपणीचा फॉर्म. थोडक्यात असा: "मॅडम, माझ्याकडे वीस आशा आहेत. सीबॅक फॉर्ममध्ये मनाच्या आरोग्याचे दोन प्रश्न असतात. बीपीचे, शुगरचे, टीबीचे संशयित निघतात, पण या दोन प्रश्नांना सगळीकडे शून्य. घरोघरी एकच उत्तर, 'आमच्यात कोणी वेडं नाही.' वरून विचारणा होते. पण मला खरंच वाटतं, लोकांना ज्याची लाज वाटते ती त्यांच्या घरातली गोष्ट. टीबीसारखा हा आजार दुसऱ्याला थोडाच लागतो? मग आरोग्य खात्याने त्यात का पडावं? आणि पडायचंच असेल तर विचारायचं कसं?"

ताई, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मनाचा आजार शिंकेतून लागत नाही. पण त्याची लाज टीबीसुद्धा पसरवू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी नाशकात तेवीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. गुरुवारी दिंडोरी-पेठकडे जाते, बाकी दिवस शहरात. खाली ज्या माणसांबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून गावं आणि तपशील बदलले आहेत.

अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस. औषधांना दाद न देणारा टीबी झाला, मोठा कोर्स सुरू झाला. त्या कोर्समध्ये सायक्लोसेरीन नावाचं औषध असतं. टीबीवर ते उपयोगी आहे, पण काही जणांना त्याने उदासी येते, संशय येतो, आवाज ऐकू येतात. याला दुसऱ्या महिन्यात तेच सुरू झालं. रात्रभर जागा, शेजारचे माझ्याबद्दलच बोलतात म्हणायचा, दाराला आतून टेबल लावायचा. घरी भेट द्यायला आलेल्या कार्यकर्त्याला बायकोने सांगितलं, "उलट्या होतात म्हणून गोळ्या बंद केल्यात." भास होतात हे ती बोलली नाही. घरमालक टीबीमुळे आधीच खोली रिकामी करा म्हणत होता, त्यात नवरा 'तसा' झालाय हे कळलं तर सामान रस्त्यावर येईल ही तिची भीती. उलट्यांवर गोळी मिळाली. भासांवर काही मिळालं नाही, कारण ते कोणाला माहीतच नव्हते. जिथे एकटं सायक्लोसेरीन थांबवायचा किंवा बदलायचा विचार करता आला असता, तिथे सगळाच कोर्स तीन महिने बंद राहिला. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, आणि खोकला परत आलेला. पुढच्या तपासणीत त्यांची धाकटी मुलगीही पॉझिटिव्ह निघाली.

त्या मुलीची नोंद टीबीच्या रजिस्टरमध्ये झाली. तिच्या आजाराला लाजही कारणीभूत होती, ही नोंद कुठल्याच कागदावर नाही. तुमचा शून्य मला तिथे दिसतो. ते लोक तुमच्या गावांत आहेत, तुमच्या आशा त्यांना भेटतातही, फक्त ते दुसऱ्या रकान्यांत लिहिले जातात.

आता थोडं गणित. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. बारा राज्यं घेतली होती, महाराष्ट्र त्यात नव्हता, म्हणून तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लावत नाही. पण अंदाज म्हणून धरा: प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, तोही तंबाखूचं व्यसन सोडून. वीस आशा म्हणजे वीस हजार लोकवस्ती. सीबॅक तीस वर्षांवरच्यांचा, तेव्हा त्यातले आठ हजारच धरा. तरी साडेआठशेच्या आसपास माणसं होतात. शेजारची राज्यं आपल्याहून इतकी निराळी नाहीत की तिथले साडेआठशे आपल्याकडे शून्य व्हावेत. त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. डॉक्टर कमी आहेत हे खरं. पण दारात डॉक्टर आणून बसवला तरी लोक येत नाहीत, हे तुम्ही शिबिरांत पाहिलं असेल. मी तर शिबिराच्या फलकावरचं 'मनोविकार' खोडून 'झोप, डोकेदुखी व ताण तपासणी' असं लिहायला लावलं आणि रांग लागलेली पाहिली. त्या दिवशी बरंही वाटलं आणि वाईटही.

गरोदर बायकांच्या रजिस्टरबद्दल सविस्तर सांगते, कारण तिथे तुमच्या आशांचा हात थेट पोचतो.

सिन्नरकडची एक मुलगी. लग्नाआधी तिला दोनदा मोठा झटका येऊन गेलेला. आठ-आठ दिवस झोप नाही, अखंड बडबड, वाट्टेल तसा खर्च, आणि मग महिनाभर अंथरुणात पडून. आम्ही याला द्विध्रुवी विकार म्हणतो. सोडियम व्हॅल्प्रोएट चालू होतं आणि ती चांगली होती. लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी सासरी काही सांगितलं नाही. गोळ्या आई पाठवायची, उन्हाळी पापडांच्या डब्यात. पाकिटावरचं नाव कात्रीने कापून काढलेलं. माझ्यासमोर तिने जेव्हा ती हळदीकुंकवाची जुनी डबी उघडली, तेव्हा आत नुसते चांदीच्या कागदाचे छोटे छोटे चौकोन होते, प्रत्येकात एक गोळी, कशावर एक अक्षर नाही. सासूने पाहिलं तर रक्तवाढीच्या म्हणून सांगायचं ठरलेलं.

ती गरोदर राहिली. आशाताईंनी वेळेवर नोंद केली, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, सगळं केलं. "कुठली गोळी चालू आहे का?" हेही विचारलं. सासू शेजारीच बसलेली. "नाही." व्हॅल्प्रोएटवर असलेल्या साधारण दहा गरोदर बायकांपैकी एकीच्या बाळात जन्मजात व्यंग येऊ शकतं, आणि मुलाच्या वाढीवर, बुद्धीवर होणारा परिणाम त्याहून जास्त जणांत दिसतो. मणक्याची आणि मेंदूची नळी तर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणजे हे बोलणं लग्नाआधी किंवा लग्नानंतर लगेच व्हायला हवं होतं, औषध बदलता आलं असतं. तिच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मणक्यातला दोष दिसला. त्यानंतर ती माझ्याकडे आली, आधीच्या डॉक्टरांना शेवटचं दाखवून चौदा महिने झाल्यावर. सांगितलं असतं तर सासरच्यांनी नांदवलं असतं का? मला माहीत नाही. तिच्या आईला मी दोष देऊ शकले नाही.

इथे एक गोष्ट आशांना ठासून सांगा. हे वाचून कुणी अशी गोळी एकदम बंद करायला सांगू नये. एकदम बंद केल्याने झटका उलटतो. फिट्ससाठीही हीच गोळी वापरतात, तिथे फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. डॉक्टरांकडे पाठवायचं, तेही त्याच आठवड्यात.

फिट्सचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत फेफरं असणाऱ्याच्या लग्नाला हरकत घेता यायची. त्या वर्षी ते काढलं. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ मध्ये काढला. औषधं त्याच्या कितीतरी आधी आली होती. कुष्ठरोगाचं बहुविध औषधोपचाराने बरं होणं आपल्याकडे १९८० च्या दशकापासून सुरू आहे, तरी 'महारोगी' ही शिवी अजून ऐकू येते. आजार बरा होण्याचा वेग आणि त्याची लाज ओसरण्याचा वेग यांत एवढं अंतर पडतं. ते अंतर आपोआप भरून निघेल असं धरून मी काम करत नाही.

तिसरा रकाना विषबाधेचा. तुम्ही निफाडच्या आहात, द्राक्षबागा तुम्हाला मी काय सांगणार. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की "फवारताना औषध पोटात गेलं" अशा केसेस येतात. त्यातल्या काही खऱ्याच अपघाताच्या असतात, ज्यांनी मास्क न लावता भर उन्हात पंप मारलेला असतो त्यांच्या. पण अनेक केसेसमध्ये वॉर्डातल्या सिस्टरलाही कळतं. शर्ट कोरडा असतो आणि वास तोंडाला येतो. घरचे अपघात सांगतात, कारण पोलिसांची भीती, बहिणीच्या लग्नाची काळजी, गावात होणारी चर्चा. केसपेपरवर अपघात लिहिलं जातं. ॲट्रोपिन हा उतारा देऊन, कधी व्हेंटिलेटरवर ठेवून माणूस वाचवतात, पाच-सहा दिवसांनी घरी सोडतात. आणि त्या सहा दिवसांत त्याला एकदाही कोणी विचारत नाही, "दादा, एवढं काय झालं होतं?" एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढचा धोका सगळ्यात जास्त असतो, हे आमच्या शास्त्रात पक्कं ठाऊक असलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे. अपघात लिहिला की तो धोका कागदावरून पुसला जातो, आणि माणूस त्याच शेडमध्ये परत जातो जिथे औषधाचा डबा ठेवलेला असतो.

२०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २२ हजार ७४६. ही पोलिसांकडची नोंद, आणि ती गेलेल्यांची. जे वाचले, आणि ज्यांचा अपघात झाला म्हणून लिहिलं गेलं, ते या आकड्यांच्या बाहेर आहेत. जिथे मोजणीच चुकते तिथे औषधं, माणसं, पैसा कुठे पाठवायचा याचा निर्णयही चुकतो. घरातली एक लाज थेट जिल्ह्याच्या नियोजनात जाते ती अशी. उलट जिथे हा प्रश्न उघडपणे मोजला तिथे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वर्षांत निम्म्याहून खाली आलं. लोकांची दुःखं तीच होती. पण त्या एका रात्री हाताशी तेवढं जहाल विष नव्हतं. तुमच्या गावांत बंदी आणणं तुमच्या हातात नाही, पण औषधाच्या पेटीला कुलूप आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, एवढं तुमच्या आशा सांगू शकतात. त्यासाठी मनाच्या आजाराचं नावही काढावं लागत नाही, घरात लहान मुलं आहेत एवढं कारण पुरतं.

पोलिसांच्या भीतीबद्दल स्पष्ट सांगा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, जबाब होतो, पण गुन्हा दाखल होईल या भीतीने खोटं सांगायचं कारण उरलेलं नाही. हे गावात कोणालाच माहीत नसतं. खरं सांगते, बऱ्याच डॉक्टरांनाही माहीत नसतं.

डॉक्टरांचं निघालंच आहे तर आमच्या घरातलंही बोलते. लाज फक्त गावात असते असं समजू नका. स्किझोफ्रेनियाचा माझा एक पेशंट, औषधावर स्थिर, चाळिशीचा. पोटात दुखतं म्हणून रात्री एका रुग्णालयात गेला. त्याची जुनी फाईल पाहिली आणि "याचं मानसिक आहे" म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊन परत पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अपेंडिक्स फुटल्यावर दुसरीकडे ऑपरेशन झालं. वाचला, पण दीड महिना गेला, आणि नंतर तो मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी फाईल घरी ठेवूनच जाईन." तो फाईल घरी ठेवणार, मग त्याला चालू असलेल्या औषधांवर न चालणारी औषधं कोणीतरी देणार. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आत्महत्या आहेतच, पण बहुतेक मृत्यू हृदय, मधुमेह, फुप्फुसं अशा आजारांचे. छातीत दुखतंय म्हटल्यावर ज्याचा ईसीजी काढायला कोणी उठत नाही, अशी ही माणसं.

मीही यात सुटलेली नाही. पहिली दहा वर्षं मी कंपनीत द्यायच्या दाखल्यावर सरळ 'अशक्तपणा' लिहायची. सातपूर-अंबडच्या कामगारांनी हात जोडून मागितलेलं असायचं. त्यांची नोकरी वाचली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण असे शेकडो दाखले कंपन्यांच्या फायलींत गेले आणि आमच्याकडे मानसिक आजाराचे कामगार नाहीतच असं त्यांचे अधिकारी खुशाल म्हणत राहिले. तुमचा शून्य आणि माझा अशक्तपणा एकाच जातीचे. आता मी आधी पेशंटशी बोलते, काय लिहायचं ते दोघं मिळून ठरवतो. कायद्याने गुप्ततेचा हक्क त्याचा आहे, तो मी त्याच्या नावाने वापरू शकत नाही. पण विम्याचं निघालं तर सांगते की मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराच्या उपचाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, आणि तिथे 'अशक्तपणा' लिहून काहीच मिळणार नाही.

लाजेचा आणखी एक परिणाम नकाशावर दिसतो. माझ्या नाशिकच्या दवाखान्यात निफाडचे, येवल्याचे, चांदवडचे लोक येतात, आणि नाशिकचे पुण्याला जातात. प्रत्येक जण एक गाव पुढे जातो, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी येतं, गोळ्या मोफत असतात, तरी लोक दोनशे-तीनशे रुपये भाडं आणि एक रोज मोडून लांब जातात. गोळ्यांची चिठ्ठीही गावातल्या मेडिकलमध्ये दाखवत नाहीत, नाशकातूनच तीन महिन्यांच्या घेऊन जातात. मग कांदा काढणीला आला, बस चुकली, कोणाचा दहावा आला, की तिसऱ्या महिन्याच्या शेवटी खंड पडतो. आजार उलटून आलेल्या माणसाला मी विचारते "गोळ्या का थांबवल्या?" तर दर दोघातिघांत एकाचं उत्तर हेच, "संपल्या होत्या." सरकारी मनोरुग्णालयं राज्यात चारच आहेत, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. नाशकात नाही. "याला ठाण्याला टाका" ही इथली शिवी झाली आहे, आणि ज्याला खरंच चार आठवडे भरती राहून बरं व्हायचं असतं त्याच्या घरच्यांच्या घशातून तो गावाचा शब्द उतरत नाही.

देवधर्माबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गावात तो प्रश्न येणारच. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीला राज्यभरातून कुटुंबं येतात. त्यातली काही पूजेच्या तीन दिवसांनंतर माझ्याकडे येतात, काही माझ्याकडून तिकडे जातात. मी कधी पूजेला नको म्हटलेलं नाही. पितृदोष म्हटलं की निदान आजाऱ्याच्या माथी दोष येत नाही, घर त्याच्याभोवती जमतं, खर्च करतं. त्या जमण्याचा मला उपयोग होतो. मी एवढंच मागते की गोळ्या बंद करून पूजेला बसवू नका. सुरगाणा-पेठकडे भगताच्या बाबतीतही तेच. दोन भगत असे आहेत की रात्री जागणारा, स्वतःशी बोलणारा पोरगा आला की ते अंगारा देतात आणि "गुरुवारी बाई येतात, त्यांनाही दाखव" म्हणतात. गुजरातमधल्या मीरा दातार दर्ग्यात तर 'दवा आणि दुआ' म्हणून मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच आवारात काम करतात. मात्र कोणी चटके देत असेल, साखळीने बांधत असेल, भूत उतरवायला मारत असेल, तिथे गोड बोलायचं काही कारण नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागेला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचेच नातेवाईक होते, आणि त्यांना वाटत होतं आपण उपचारच करतोय.

आता विचारायचं कसं.

सीबॅकमधले दोन प्रश्न असे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात, गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटतं का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज तीनच्या वर गेली तर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. प्रश्न चांगले आहेत. घोळ होतो तो ओट्यावर, सासूसमोर, शेजारीण डाळ निवडत बसलेली असताना, फॉर्ममधली भाषा तशीच वाचून दाखवण्यात. "आपल्याला निराश वाटते का?" याला कोणीही "छे" म्हणेल.

झोपेपासून सुरुवात करू द्या. झोपेची कोणाला लाज वाटत नाही. "झोप लागते का? पहाटे तीनलाच जाग येते का? मग पडल्या पडल्या काय चालतं डोक्यात?" इथपर्यंत आलं की बाई स्वतःच पुढे बोलते. आपल्याकडे कोणी "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. जीव घाबरा होतो, करमत नाही, डोकं जड होतं, अंगात मुंग्या येतात, गॅस वर चढतो, कशात मन लागत नाही, पोरांवर उगाच हात उचलला जातो, असं म्हणतात. छातीत धडधडतं म्हणून तीनदा ईसीजी काढून तिन्ही नॉर्मल आलेत, दर महिन्याला सलाईन लावून येते, हीच ती बाई. तिला गुण द्यायचे ते या उत्तरांवरून. आणि जमेल तेव्हा एकटीला गाठायचं. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या मागच्या बाजूला पाच मिनिटं मिळतात.

पुरुषांना आशा भेटतच नाहीत, ही मोठी अडचण आहे. त्यांच्याकडे दारूतून जावं लागतं. "दारू सोड" म्हणून जायचं नाही. "प्यायल्याशिवाय झोप येते का?" एवढंच विचारायचं, किंवा बायकोमार्फत विचारून घ्यायचं.

मरणाचा प्रश्न विचारायला आशा घाबरतील. विचारल्याने डोक्यात येईल अशी भीती असते. तसं होत नाही, हे अभ्यासांतही दिसलं आहे आणि रोजच्या कामातही. "जगणं नकोसं होतं का कधी?" असं सरळ, हळू आवाजात विचारलं की बहुतेक जण रडतात आणि मोकळे होतात. उत्तर हो आलं, तर त्या माणसाला त्या दिवशी एकटं सोडायचं नाही, औषधाची पेटी हलवायची, डॉक्टरांना कळवायचं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो आशांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, फक्त भिंतीवर नको.

पोस्टरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. "हाही शुगरसारखाच मेंदूचा आजार आहे" असं आपण सगळीकडे लिहितो, मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. त्याने आजाऱ्याला दोष देणं कमी होतं. पण आजार मेंदूतच, रक्तातच आहे असं नुसतं ठसवलं की लोकांना वाटतं हा कधी बरा होणार नाही, याच्यापासून लांब राहावं, याच्या घरी सोयरीक नको. हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून मी आता आजार कुठे आहे यापेक्षा बरं झालेलं माणूस काय करतं ते दाखवते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२२ च्या आयोगानेही लाज कमी करण्याचे मार्ग तपासून हेच सांगितलं, की ज्यांनी आजार भोगला आहे त्यांना भेटणं, त्यांच्याशी बोलणं याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो.

दिंडोरी तालुक्यातला एक पिकअपवाला आहे, पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो नेतो. सहा वर्षांपूर्वी त्याला घरच्यांनी दोराने बांधून माझ्याकडे आणलं होतं. मी त्याला गावात बोलशील का विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला, आणि मी दीड वर्ष परत विचारलं नाही. मग गणपतीच्या मंडळात तो आपणहून उभा राहिला. दहाच मिनिटं बोलला. आवाज कसे यायचे, गोळ्यांनी पहिले तीन आठवडे तोंड कसं सुकायचं, बायको दोन वर्षं माहेरी का होती. शेवटी म्हणाला, "आत्ता तुमचा माल मीच नेतो, कधी कमी भरला का?" लोक हसले. त्या रात्री तीन घरांतून माझ्या नंबरची विचारणा झाली. असा माणूस तुमच्या गावांतही असेल, पण त्याला पुढे ढकलू नका. त्याचं लग्न, त्याच्या मुलीचं लग्न, सगळं पणाला लागलेलं असतं. तो स्वतः म्हणेल तेव्हाच.

शेवटी एक काम, फॉर्म हातात घ्यायच्या आधीचं. पुढच्या मासिक बैठकीत तुमच्या वीस आशांना हेच दोन प्रश्न विचारा, एकेकीला वेगळं बसवून, नाव न लिहिता. रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर जाणाऱ्या, मानधन थकलेल्या, घरी बोलणी खाणाऱ्या बायका आहेत त्या. मी दोन तालुक्यांत हे केलं आहे आणि एकाही बैठकीत सगळ्यांचे शून्य आलेले नाहीत. ज्या आशेला स्वतःला हा प्रश्न कोणी आपुलकीने विचारला आहे, तिला तो दुसऱ्या घरी विचारता येतो, हे मला तिथेच कळलं. बैठकीची तारीख कळवा. गुरुवार सोडून कुठलाही दिवस ठेवा, मी निफाडला येईन. वेगळी बसायला एक खोली आणि दोन खुर्च्या असल्या की झालं.